डाळीच्या डब्यातील नोटा

रिसोडला आमचे जाणे वर्षातून दोन-तीनदाच होते. गावाला रेल्वे नाही. वाशिम स्थानकावर उतरून एस.टी.ने पुढे जावे लागते. या भागात आपली कॅथोलिक घरे मोजकी आणि विखुरलेली. तेव्हा एखाद्या कुटुंबाकडे मुक्काम करावा, त्यांच्या बैठकीच्या खोलीत मिस्सा अर्पण करावी, आसपासची दोन-चार कुटुंबे जमली की त्यांची विचारपूस करावी आणि दुसऱ्या दिवशी परतावे, असा आमचा परिपाठ आहे. २०२४ साली दिवाळीनंतर असेच गेलो होतो. बाजार समितीच्या आवारात सोयाबीनचे ढीग पडले होते. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झालेला, आणि प्रत्यक्ष हाती पडत होते त्याहून बरेच कमी. अशा गावात हा भाव एकट्या शेतकऱ्याचा विषय नसतो. किराणा दुकानदाराची उधारी, शिंप्याची शिलाई, मुलांची फी, सारे त्या ढिगाकडे डोळे लावून बसलेले असते.

आम्ही ज्यांच्याकडे उतरलो ते गृहस्थ शिक्षक आहेत. महिन्याला ठरलेला पगार. म्हणून गावाच्या दृष्टीने सुखी. बाई घर सांभाळून पिको-फॉल करतात, ब्लाउज शिवतात. मुलगी अकोल्याला शिकते, मुलगा दहावीत. मिस्सा आटोपल्यावर गृहस्थ बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसले, आणि बाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून, हाताचे पीठ न धुताच, आम्हांला विचारले, "फादर, नवऱ्याला न सांगता पैसे बाजूला ठेवणं पाप आहे का?"

हा प्रश्न पापनिवेदनातील नव्हता, हे येथेच सांगून टाकतो. तसे असते तर त्याविषयी एक अक्षरही लिहिण्याचा आम्हांला अधिकार नव्हता. ओळख पटेल असे तपशीलही आम्ही बदलले आहेत.

प्रश्नामागची हकिकत ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीपासून सुरू होते. पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्याची घोषणा दूरदर्शनवर ऐकली तेव्हा बाईंच्या तूरडाळीच्या डब्यात, तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत पाचशेच्या सेहेचाळीस नोटा होत्या. तेवीस हजार रुपये. भाजीतून वाचवलेले, शिलाईतून उरलेले, भावाने भाऊबीजेला घातलेले. नऊ वर्षांची साठवण. बँकेत जायचे तर नवऱ्याला सांगणे भाग होते. त्यांनी नोटा मोजल्या, रांगेत उभे राहून त्या भरल्या आणि चार दिवस काही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी एवढेच म्हणाले, "माझ्यापासून लपवलंस." पुढे तो पैसा मुलीच्या शिक्षणालाच लागला, कोणी कोणाला दोष दिला नाही, परंतु ते वाक्य बाईंच्या मनातून गेले नाही. आणि आता? बाई खाली पाहून म्हणाल्या, "मी पुन्हा ठेवायला लागलेय, फादर. डबा बदललाय फक्त."

आम्ही म्हणालो, हे पाप म्हणता येणार नाही; तथापि त्यांना विश्वासात घेऊन सांगितलेले बरे. बाई किंचित हसल्या. "सांगितलं तर ते राहायचे नाहीत," असे म्हणून त्या तव्याकडे वळल्या.

आमचे उत्तर बरोबर होते, पण ते परीक्षेतील पाच गुणांच्या प्रश्नाचे उत्तर होते. परतीच्या प्रवासात ते आमच्याच घशाखाली उतरेना.

सेमिनरीत आम्हांला नीतिशास्त्र शिकवले गेले, त्यात हा विषय होता. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी दानधर्माचा विचार करताना पत्नीने पतीच्या संमतीवाचून दान करावे काय, असा प्रश्न घेतला आहे. तिची स्वतःची मालमत्ता किंवा स्वतःची कमाई असेल तर ती बेताने देऊ शकते. एरवी पतीची उघड वा गृहीत धरता येईल अशी संमती हवी, अडीअडचणीची वेळ अपवाद. पुढच्या शतकांतील नीतिशास्त्रज्ञ आणखी तपशिलात गेले. घराच्या गरजेला पती पुरेसे देत नसेल आणि पत्नीने गुपचूप घेतले, तर ती चोरी नव्हे, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. तेव्हा बाईंच्या प्रश्नाचा चोरीपुरता निकाल केव्हाच लागलेला आहे. परंतु या साऱ्या चर्चेच्या मुळाशी एक गोष्ट गृहीत होती: पैसा पतीचा. विद्यार्थिदशेत आम्ही लॅटिन शब्दांची रूपे तपासली. ते गृहीतक मात्र एकदाही तपासले नाही.

हे केवळ धर्मशास्त्रातच होते असे नाही. १९४३ साली इंग्लंडमधील अपील न्यायालयापुढे एक खटला आला. घरखर्चासाठी मिळालेल्या पैशांतून एका स्त्रीने काटकसर करून शंभर पौंडांहून थोडी अधिक शिल्लक सहकारी संस्थेत ठेवली होती. न्यायालयाने निकाल दिला की ती रक्कम पतीची, कारण मूळ पैसा त्याचा. म्हणजे उधळपट्टी केली असती तर प्रश्नच उद्भवला नसता. काटकसर केली म्हणून ती हरली! तो कायदा बदलायला १९६४ साल उजाडले. तेव्हापासून तेथे अशी शिल्लक दोघांची, निम्मी-निम्मी मानली जाऊ लागली.

आपल्याकडील एक गोष्ट पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांना ठाऊक नसते. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्यानुसार विवाहित स्त्रीची मजुरी, आपल्या कसबाने मिळवलेले उत्पन्न आणि त्यातून केलेली बचत ही तिची स्वतंत्र मालमत्ता ठरते. हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख व जैन स्त्रियांना हे कलम त्या कायद्याने लागू केले नव्हते. ख्रिस्ती स्त्रिया मात्र त्याच्या कक्षेत येतात. याचा अर्थ, आमच्या बाईंनी शिलाईतून मिळवलेले पैसे कायद्याने दीडशे वर्षांपासून त्यांचेच आहेत. त्या डब्यात त्या स्वतःचीच वस्तू लपवीत होत्या. भाजीतून वाचवलेल्या पैशांविषयी कोणी म्हणेल, ते तर पगारातले. नोटाबंदीच्या काळात ग्वाल्हेरच्या एका गृहिणीने आपली अशीच साठवण, २,११,५०० रुपये, बँकेत भरली आणि आयकर खात्याने तिला हिशेब विचारला. २०२१ साली आग्रा येथील अपील न्यायाधिकरणाने तिच्या बाजूने निकाल दिला. गृहिणीने वर्षानुवर्षे घरखर्चातून राखलेली एवढी शिल्लक अघोषित उत्पन्न म्हणता येत नाही. देशाच्या खजिन्याने जो डबा मान्य केला, तो घराने मान्य करायला हरकत नसावी.

परंतु मालकीचा प्रश्न सुटला म्हणून लपवण्याचा प्रश्न सुटत नाही, आणि या बाबतीत आम्हांला राहून राहून कस्तुरबा आठवतात. विदर्भाला गांधीजींचे सेवाग्राम जवळचे. ही गोष्ट मात्र त्याआधीची, साबरमतीची. आश्रमात कोणाचीही खाजगी मालमत्ता नसावी असा नियम होता. भेटीदाखल मिळालेले शंभर-दोनशे रुपये कस्तुरबांनी कार्यालयात न भरता स्वतःजवळ ठेवले होते; ते उघडकीस आल्यावर त्यांनी पश्चात्ताप व्यक्त केला. पुढे कोणा अनोळखी पाहुण्यांनी दिलेले चार रुपये पुन्हा तसेच राहून गेले. १९२९ साली गांधीजींनी ही हकिकत आपल्या 'नवजीवन' पत्रात छापली. आपले दुःख आणि आपली लाज म्हणून छापली. सत्याच्या बाबतीत आपल्या माणसाला सूट नाही, ही त्यांची निष्ठा आम्ही जाणतो, तिच्यापुढे नम्र होतो. तरीही हे आम्हांला खटकते. आश्रम ही व्रतस्थांची संस्था. तेथे चार रुपयांनीही व्रत मोडते. पण कस्तुरबा आश्रमवासी होण्यापूर्वी आई झाल्या होत्या. संसार चालवलेल्या स्त्रीच्या हाताला वेळप्रसंगासाठी चार रुपये बाजूला ठेवण्याची जी सवय जडते, तिला लोभ म्हणावे की दुसरे काही? आणि पती बोलू शकत होता साऱ्या देशाशी. पत्नीची बाजू त्या अंकात कोठे होती?

आश्रमाचा नियम घराला लावता येत नाही. परंतु घराचाही काही नियम असतोच की नाही?

रिसोडच्या त्या मुक्कामात आम्ही काही डोळे मिटून नव्हतो. बाई पहाटे पाचला उठल्या, कारण त्या दिवशी नळाला पाणी यायचे होते. पिंप, हंडे, कळश्या भरून झाल्या. मग केर, चहा, डबा, मिस्सेसाठी बैठकीची आवराआवर, पाहुण्यांचा नाश्ता. दुपारी चक्कीवर दळण. मधूनच मशीनवर दोन साड्यांना फॉल. दूधवाल्याचे खाडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख त्याखाली, फीची शेवटची तारीख डोक्यात. गृहस्थ भले माणूस आहेत. भाजी निवडायला बसले, आणि आम्ही पाहत आहोत असे ध्यानात आल्यावर थोडे ओशाळून म्हणाले, "मी हिला मदत करतो, फादर."

हा 'मदत' शब्द आमच्या मनात घर करून राहिला. मदत आपण दुसऱ्याच्या कामाला करतो. स्वतःच्या कामाला कोणी मदत म्हणत नाही. आणि पैशाचे क्रियापद कोणते? तो 'देतो', ती 'मागते'. म्हणजे पैशाचा तो मालक आणि कामाचा पाहुणा. हे दोन शब्द एकाच घरात, एकाच दिवसात किती सहज बोलले जातात! शेजारच्या बाईंना २०२४ च्या ऑगस्टपासून 'लाडकी बहीण' योजनेचे महिना दीड हजार रुपये खात्यात येऊ लागले होते. त्या योजनेच्या राजकारणात आम्हांला शिरायचे नाही. त्या बाई काय म्हणाल्या तेवढे सांगतो. "रक्कम काही मोठी नाही हो. पण मागावी लागत नाही."

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात असे दिसले की घरातली विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे जातात, पुरुषांची ८८. जवळजवळ पाच तासांना दीड तास. न्यायालयांनीही या श्रमाची किंमत मोजली आहे. १९८९ साली जमशेदपूरला एका समारंभात लागलेल्या आगीत अनेक स्त्रिया व मुले दगावली. भरपाई ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली मध्यमवयीन गृहिणीच्या सेवेचे मोल महिना ३,००० रुपये धरले. ५ जानेवारी २०२१ च्या निकालात याच न्यायालयाने पुन्हा सांगितले की गृहिणी आर्थिक भर घालत नाही ही समजूत चुकीची आहे. पण पाहा, ही सारी मोजदाद बाई अपघातात गेल्यानंतरची! जिवंतपणी हिशेब झाल्याची उदाहरणे थोडी. त्यांतील एक २०२३ चे: परदेशी राबणाऱ्या पतीने पाठवलेल्या पैशांतून घेतलेल्या मालमत्तेत, घर सांभाळणाऱ्या पत्नीचा निम्मा वाटा मद्रास उच्च न्यायालयाने मान्य केला. तिने घर धरून ठेवले म्हणून तो कमावू शकला, हे त्यामागचे साधे तर्कशास्त्र.

आपल्या ख्रिस्तसभेनेही हे सांगितलेले नाही असे नव्हे. दुसऱ्या जॉन पॉल यांनी १९८१ च्या श्रमविषयक परिपत्रकात मातेच्या घरातील श्रमाला समाजाने मान द्यावा असे आग्रहाने मांडले, आणि दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये, घरकाम उचलल्याने पुरुषाच्या पुरुषत्वाला बाध येत नाही, असे स्पष्टच लिहिले. पण आम्हांला त्याहून बोलके वाटते ते १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील १२८४ वे कलम. ख्रिस्तसभेच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्याने तो कसा पाहावा? चांगल्या गृहपतीच्या दक्षतेने, असे कलम म्हणते. आणि लगेच पुढे त्या कारभाऱ्यावर बंधने घालते: जमाखर्चाची वही नीट ठेवावी, वर्षाअखेर हिशेब तयार करावा. ५३७ वे कलम सांगते की प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असावी. आम्ही देवळाच्या छपराचे पत्रे बदलायला निघालो तर समितीपुढे बसतो, चार जणांचे ऐकून घेतो, पावत्या दाखवतो. आम्हांला आदर्श म्हणून ज्या गृहपतीकडे बोट दाखवले आहे, त्याच्या घरात मात्र अर्थसमिती नाही, वही नाही, पावती नाही. पगार किती, हेही पुष्कळ घरांत पत्नीला नेमके ठाऊक नसते. (आमचीही फुशारकी नको. धर्मगुरुनिवासात स्वयंपाक करणाऱ्या मावशींना महिन्याला किराणा पुरतो की नाही, हे आम्ही अकरा वर्षांत एकदाही विचारले नव्हते. रिसोडहून परतल्यावर विचारले. पुरत नव्हता.)

लूकच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायात तीन हरवलेल्या गोष्टी आहेत. मेंढरावर आणि उधळ्या पुत्रावर आम्ही वर्षानुवर्षे प्रवचने करतो. मधल्या त्या स्त्रीवरून घाईने पुढे जातो. तिच्याजवळ दहा नाणी होती, एक हरवले. एक नाणे म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी. ती दिवा लावते, घर झाडते, सापडेपर्यंत शोधते. केर काढणे आणि पैसा सांभाळणे, दोन्ही एकाच स्त्रीच्या हाती, आणि या कामाची उपमा प्रभू येशूने कोणाच्या आनंदाला दिली ते आपण जाणतो. नाणी कोणाची, नवऱ्याने दिलेली की स्वतःची, हे त्याने विचारलेले नाही. एक मात्र आहे. नाणे सापडल्यावर ती ते पुन्हा गुपचूप ठेवून देत नाही. शेजारणींना हाका मारते. सांगावेसे वाटावे अशी माणसे तिच्याभोवती होती.

येथे आमच्या ध्यानात आले की आपण चुकीच्या माणसाला उत्तर दिले. 'सांगितलं तर ते राहायचे नाहीत' हे वाक्य बाईंच्या मनाविषयी नव्हतेच. ते त्या घराविषयी होते. बाईंना प्रामाणिकपणाचा उपदेश करणे सोपे होते, कारण प्रश्न त्यांनी विचारला होता. ज्यांच्याशी बोलायचे होते ते बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसले होते.

फेब्रुवारीत पुन्हा गेलो तेव्हा गृहस्थांना म्हटले, चला, जरा पाय मोकळे करून येऊ. तुरीच्या गाड्या बाजार समितीकडे चालल्या होत्या. आम्ही बाईंचे नाव काढले नाही; सर्वसाधारण घरखर्चाविषयी बोलत राहिलो. बराच वेळ ते गप्प होते. मग स्वतःहून सांगू लागले. सहा वर्षांपूर्वी धाकट्या भावाने शेतात विहीर घेतली. पैसे यांनी पतसंस्थेतून कर्ज काढून दिले, दोन लाख. विहिरीला पाणी लागले नाही. भाऊ काय फेडणार? हप्ता पगारातून कापला जातो, आणि घरी त्यांनी पगारच तेवढा कमी सांगितला आहे. "सुरुवातीला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मला विचारलं का नाही. त्याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं, फादर. मग दर महिन्याला ते आणखी अवघड होत गेलं."

म्हणजे एकाच घरात दोन डबे होते. एकात साठवण, दुसऱ्यात कर्ज. घरखर्चाला पैसे अपुरे पडत म्हणून बाई वाचवून लपवीत होत्या, आणि ते अपुरे का पडतात हे ज्यांना ठाऊक होते ते दुसरीकडे लपवीत होते. दोघांच्याही मनात आपल्या माणसांचे भले करावे एवढेच होते. तरीही ही दोन लपवणी आम्ही एका तागडीत घालणार नाही. बाईंनी लपवले त्याने घराचे काही उणे झाले नाही. गृहस्थांनी लपवले त्याचा हप्ता मात्र सारे घर भरत होते, आणि भरणाऱ्यांना ते माहीत नव्हते. भावाला मदत करणे हे पुण्य खरे, पण ते पुण्य दुसऱ्याच्या ताटातून करताना त्या माणसाला विचारावे लागते. हे आम्ही त्यांना त्याच रस्त्यावर सांगितले. त्यांना ते कडू वाटले, हे उघड दिसत होते. त्यांनी वाद घातला नाही. एवढेच विचारले की आज रात्री जेवणानंतर तुम्ही थोडा वेळ बसाल का? आम्ही बसलो. त्या रात्री काय बोलणे झाले ते लिहिण्याचे कारण नाही. दहावीच्या अभ्यासाला बसलेला मुलगा मधेच पुस्तक मिटून ऐकू लागला आणि कोणी त्याला आत जा म्हटले नाही, एवढे सांगतो.

हा लेख छापण्यास देण्यापूर्वी दोघांना वाचून दाखवला आहे. गृहस्थांनी एक वाक्य गाळण्यास सांगितले, ते गाळले. बाईंनी नोटांची संख्या दुरुस्त केली. आम्ही चाळीस लिहिल्या होत्या. पगाराची पावती आता दर महिन्याला फ्रिजच्या दारावर लावलेली असते, असे मुलाने सांगितले. नव्या डब्याचे काय झाले, ते आम्ही विचारले नाही.